आधी चिनी, मग जपानी, मग आपण: अमेरिकेतल्या आशियाई प्रवेशबंदीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या व्हिसाबद्दल आपल्याकडे घरोघरी बोललं जातं. पण याच देशाने साठ-सत्तर वर्षं आशियातल्या माणसाला दारातूनच परत पाठवायचे कायदे केले होते, आणि ते भर संसदेत, मतं मोजून, दोन्ही पक्षांच्या संमतीने केले होते, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्याविषयी जे प्रश्न हमखास विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

ही बंदी नेमकी कधीपासून कधीपर्यंत होती?

१८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी झाली. १९१७ मध्ये भारतासह आशियाचा मोठा पट्टा बंद झाला आणि १९२४ मध्ये जपानही. १९४३ मध्ये चिनी लोकांसाठी आणि १९४६ मध्ये भारतीयांसाठी दार किलकिलं झालं, ते खऱ्या अर्थाने उघडलं १९६५ च्या कायद्याने. मुळाशी मात्र आणखी जुना कायदा होता. १७९० पासून परक्या माणसाला नागरिकत्व मिळायचं ते 'स्वतंत्र गोरी व्यक्ती' असेल तरच. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. आशियाई मधल्या मध्ये राहिले. ज्याला नागरिकत्व नाही त्याला मत नाही, आणि ज्याला मत नाही त्याच्याविरुद्ध बोलताना पुढाऱ्याला गमवायला काहीच नसतं. पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीवर उभा आहे.

चिनी लोक मुळात तिथे गेले कशाला?

सोन्यासाठी. १८४८-४९ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची बातमी दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात पोहोचली आणि तरुण बोटीत बसले. बरेचसे तिकिटाचे पैसे उसने घेऊन गेले आणि ते कष्टाने फेडत राहिले. आपल्याकडे ऊसतोड मजूर उचल घेतो, त्यातलाच प्रकार. पुढे १८६० च्या दशकात सेंट्रल पॅसिफिक कंपनीला सिएरा नेवाडाचे डोंगर फोडून रेल्वे न्यायची होती, आणि त्या कामावरचे बहुसंख्य मजूर चिनी होते. १० मे १८६९ रोजी युटातल्या प्रॉमंटरी इथे पूर्व-पश्चिम रूळ जोडले गेले. काम संपलं, मजूर शहरांत आले. १८७३ मध्ये मंदी आली. बेकारीचं खापर फोडायला डोकं शोधावं लागलं नाही.

'ते कमी मजुरीत काम करायचे' हा आक्षेप खराच नव्हता का? त्यात वंशद्वेष कुठे आला?

मजुरी कमी होती हे खरं. पण कमी मजुरी देणारा मालक गोराच होता, आणि त्याच्यावर बंदी घाला असं फार थोडे म्हणत होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनासमोरच्या वाळूच्या मोकळ्या मैदानावर डेनिस कर्नी नावाचा गाडीवान सभा गाजवायचा. १८७७ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली वर्किंगमेन्स पार्टी उभी राहिली. सुरुवात तो रेल्वेच्या धनदांडग्यांवर तोंडसुख घेऊन करायचा, पण भाषणाचा शेवट ठरलेला: 'चिन्यांनी चालतं व्हावं!' कर्नी स्वतः आयर्लंडहून आलेला. त्याच्याच आयरिश कॅथलिक भावंडांना 'हे इथे मिसळणार नाहीत' म्हणून हिणवून दोन-तीन दशकंच झाली होती.

आक्षेपांची यादी नीट वाचली की तिचे धागे एकमेकांत अडकतात. चिनी माणूस आळशी, रोगट, अफूबाज. आणि त्याच भाषणात तो इतका काम करतो की गोऱ्याला परवडत नाही. तो पैसे साठवून घरी पाठवतो, इथे बायकोमुलांसह स्थायिक होत नाही, हाही आरोप. पण १८७५ च्या पेज कायद्याने चिनी बायकांना वेश्या असल्याच्या संशयावरून अडवायला सुरुवात झाली होती. १८८० च्या जनगणनेत चिनी स्त्रीपुरुषांचं प्रमाण एका बाईमागे एकवीस पुरुष असं होतं. संसार मांडू द्यायचा नाही आणि संसार मांडत नाही म्हणून नावं ठेवायची!

आणि भात. हो, भाताचाही मुद्दा झाला. सिनेटर जेम्स ब्लेन यांनी १८७९ मध्ये सिनेटमध्ये युक्तिवाद केला की ज्याला मांस आणि पाव लागतो त्याला भातावर जगणाऱ्याच्या शेजारी कामाला लावता येणार नाही, भातवाला त्याला खाली ओढेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या कामगार महासंघाने बंदी चालू ठेवण्यासाठी पत्रक काढलं, त्याच्या मथळ्यातच 'मांस विरुद्ध भात' होतं. कोकणातल्या माणसाने हे वाचून हसावं की रडावं ते त्याने ठरवावं.

स्थानिक नियमांत तर हा द्वेष उघडाच दिसतो. सॅन फ्रान्सिस्कोत नियम होता की खोलीत माणशी ५०० घनफूट हवा हवी. तो आरोग्यासाठी म्हणून केलेला आणि राबवला गेला चिनी वस्तीत. दंड भरण्यापेक्षा लोक तुरुंगात जाऊ लागले, तेव्हा तुरुंगातच माणशी तेवढी हवा उरली नाही. मग दुसरा नियम आला: प्रत्येक कैद्याचे केस इंचभर ठेवून कापायचे. चिनी पुरुषाला वेणी कापणं म्हणजे अब्रू जाणं. हो आह काउ नावाच्या माणसाची वेणी शेरीफने कापली, त्याने खटला भरला आणि १८७९ मध्ये तो जिंकला. न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी स्पष्ट म्हटलं की नियम सगळ्यांसाठी लिहिलेला असला तरी त्याचा रोख चिन्यांवर आहे. फील्ड हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येईल.

इतक्या थोड्या लोकांवरून देशभर राजकारण कसं पेटलं?

१८८० मध्ये अमेरिकेची लोकसंख्या पाच कोटी आणि त्यात चिनी सुमारे १,०५,०००. म्हणजे हजारात दोन. बोस्टन-न्यूयॉर्ककडच्या बहुतेकांनी चिनी माणूस पाहिलेलाही नसेल. पण त्या काळात राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुका अगदी घासून होत, आणि पश्चिम किनाऱ्याची मूठभर मतं दोन्ही पक्षांना हवी होती. १८८० मध्ये रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट दोघांच्याही जाहीरनाम्यात चिनी स्थलांतराला आळा घालण्याचं कलम होतं. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे इथे एका पंगतीला.

त्या निवडणुकीतला एक प्रकार तर आजच्या व्हॉट्सअ‍ॅपला शोभेल असा आहे. मतदानाला दोन आठवडे असताना, २० ऑक्टोबरला, न्यूयॉर्कच्या 'ट्रुथ' या वृत्तपत्राने एक पत्र छापलं. मॅसॅच्युसेट्समधल्या कुणा एच. एल. मोरी यांना रिपब्लिकन उमेदवार जेम्स गारफिल्ड यांनी लिहिलेलं, आणि त्यात म्हटलेलं की कारखानदाराला हवा तिथून स्वस्त मजूर आणण्याचा हक्क आहे, चिनी आले तर येऊ द्यावेत. पत्र बनावट होतं. सही जुळत नव्हती, साध्या शब्दांच्या स्पेलिंगमध्ये चुका होत्या, आणि तो मोरी काही कुणाला सापडला नाही. गारफिल्ड यांनी इन्कार केला, पण तोवर त्याच्या प्रती देशभर गेल्या होत्या. ३१ ऑक्टोबरला डेन्व्हरमध्ये जमावाने चिनी वस्ती उद्ध्वस्त केली, एक माणूस मारला गेला. गारफिल्ड देशात निवडून आले, पण कॅलिफोर्निया जेमतेम दीडशे मतांनी हरले. यातून दोन्ही पक्षांनी जो धडा घ्यायचा तो घेतला. दीड वर्षात कायदा झाला.

संसदेत कुणीच विरोध केला नाही का?

केला, आणि चांगला केला. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर जॉर्ज फ्रिस्बी होर यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचाच आधार घेऊन विचारलं की सगळी माणसं समान असं आपण म्हणतो ते खरं की खोटं. त्यापूर्वी, १८७९ च्या अशाच एका विधेयकावर मिसिसिपीचे कृष्णवर्णीय सिनेटर ब्लँच ब्रूस यांनी अगदी थोडक्यात सांगितलं होतं: काही वर्षांपूर्वीपर्यंत ज्यांना नागरिकत्वाला नालायक ठरवलं जात होतं त्या लोकांचा मी प्रतिनिधी आहे, म्हणून मी विरोधात मत देणार. ब्रूस स्वतः गुलामगिरीत जन्मले होते. गुलामगिरीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस यांनीही १८६९ मध्येच बोस्टनच्या भाषणात चिनी लोकांना येऊ द्या, मतही द्या, असं म्हटलं होतं.

राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी वीस वर्षांच्या बंदीचं विधेयक एप्रिल १८८२ मध्ये परत पाठवलं, तेव्हा अनेकांना वाटलं बला टळली. पण त्यांचं म्हणणं एवढंच होतं की चीनशी १८८० मध्ये झालेल्या करारात वीस वर्षं बसत नाहीत. संसदेने वीसचे दहा केले आणि ६ मे रोजी आर्थर यांनी सही केली. पुढे १८९२ मध्ये आणखी दहा, १९०२ मध्ये पुन्हा मुदतवाढ, १९०४ मध्ये कायमची.

मग आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेत कशा गेल्या?

कारण त्या वेळी बंदी फक्त चिनी मजुरांना होती. व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक, राजदूत यांना सूट होती, आणि भारतीय तर तेव्हा कुणाच्या खिजगणतीतही नव्हते. १९१७ नंतरही विद्यार्थ्यांना सूट होती. आडकाठी हाताने काम करणाऱ्याला होती. हा भेद मोठा आहे: वंश आणि वर्ग दोन्ही तपासले जात होते, आणि शिकलेल्या, पैसेवाल्या आशियाई माणसाला बरेचदा असं वाटे की हे आपल्याबद्दल नाहीच.

चिनी लोक गप्प बसले का?

मुळीच नाही. ते सतत कोर्टात गेले, आणि वकिलांची फी वर्गणीतून आली. १८८६ मध्ये यिक वो या धोबीखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की कायदा कागदावर समान असला तरी राबवताना भेदभाव केला तर तो बेकायदा. १८८८ च्या स्कॉट कायद्याने घरी भेटीला गेलेल्या सुमारे वीस हजार चिनी मजुरांची परतीची प्रमाणपत्रं एका रात्रीत रद्दी झाली. त्यांपैकी चाय चान पिंग हा कायदा झाल्यानंतर आठवडाभरातच सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात पोहोचला. त्याला उतरू दिलं नाही. तो लढला आणि हरला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती? तेच फील्ड. वेणी कापणं त्यांना चुकीचं वाटलं होतं, पण परक्यांना अडवण्याचा सरकारचा अधिकार त्यांनी जवळजवळ अमर्याद ठरवला.

१८९२ च्या गिअरी कायद्याने प्रत्येक चिनी मजुराला रहिवासाचा दाखला जवळ बाळगायची सक्ती केली. चिनी संघटनांनी सांगितलं, नोंदणी करू नका, प्रत्येकी एक डॉलर द्या, आपण खटला लढू. बहुतेकांनी ऐकलं. गांधीजींच्या सत्याग्रहाआधी चौदा वर्षं झालेली ही सामूहिक कायदेभंगाची चळवळ आपल्याकडे कुणी शिकवत नाही. खटला १८९३ मध्ये हरले.

एक मात्र जिंकले. वोंग किम आर्क हा सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला स्वयंपाकी. १८९५ मध्ये चीनहून परतल्यावर त्याला 'तू नागरिकच नाहीस' म्हणून अडवलं. १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की अमेरिकेच्या भूमीवर जन्मला तो नागरिक, आईबाप कुठलेही असोत.

'कागदी मुलं' म्हणजे काय?

या निकालामुळे नागरिकाच्या मुलांना आत येता येत होतं. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोचं जन्मनोंदणीचं दप्तर जळालं. मग 'माझाही जन्म इथलाच' म्हणणारे वाढले आणि चीनमधली त्यांची कागदावरची मुलंही. ते पकडायला १९१० पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या एंजल आयलंड या बेटावर उलटतपासणी सुरू झाली. तुमच्या घरापासून तिसरं घर कुणाचं? दाराला पायऱ्या किती? तांदळाची कणगी कुठल्या भिंतीला? मुलगा आणि बाप यांची उत्तरं वेगवेगळी घेऊन ताडून पाहायचे. खऱ्या मुलाचीही इथे चूक व्हायची. खोट्यांकडे पाठ करायची टिपणं असत, ती किनारा दिसू लागला की समुद्रात फेकायची. कुणी दिवस, कुणी महिने तिथे अडकून पडले. बराकीच्या लाकडी भिंतींवर त्यांनी कोरलेल्या कविता आजही वाचता येतात.

जपान्यांना अडवायला एवढा वेळ का लागला?

कारण जपानजवळ आरमार होतं. १९०५ मध्ये त्याने रशियाला हरवलं होतं. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळा मंडळाने जपानी मुलांना वेगळ्या शाळेत घालायचं ठरवलं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांना मध्ये पडून समझोता करावा लागला: जपानने स्वतःच मजूर पाठवणं थांबवायचं. कॅलिफोर्नियाने १९१३ मध्ये जमीन घ्यायलाही बंदी केली. कायद्यात 'जपानी' हा शब्द नव्हता, 'नागरिकत्वाला अपात्र परके' असा शब्दप्रयोग होता. तोच १९२४ च्या कायद्यात वापरून दार बंद केलं. जपानी राजदूतांनी 'गंभीर परिणाम' होतील असं पत्र लिहिलं. सिनेटने त्याचा अर्थ धमकी असा लावला आणि विधेयक मंजूर होणं आणखी सोपं झालं.

भारतीयांची पाळी कधी आली?

४ सप्टेंबर १९०७ च्या रात्री वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात शेकडो गोऱ्यांच्या जमावाने लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या भारतीयांना बिछान्यातून ओढून बाहेर काढलं. काही दिवसांत गाव भारतीयांवाचून रिकामं झालं. बहुतेक शीख होते, वृत्तपत्रांत सरसकट 'हिंदू'. तीनच दिवसांनी कॅनडात व्हँकूव्हरला चिनी-जपानी वस्तीवर हल्ला झाला. पुढे संसदेनेच नेमलेल्या डिलिंगहॅम आयोगाने भारतीयांना पश्चिमेकडच्या स्थलांतरितांमधले सगळ्यांत नकोसे ठरवलं. हे लोक तेव्हा काही हजारच होते. १९१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून 'प्रतिबंधित आशियाई पट्टा' कायद्यात आला. विल्सन यांचा आक्षेप त्याच कायद्यातल्या साक्षरता परीक्षेला होता, आशियाच्या पट्ट्याला नव्हता.

भारतीयांनी कोर्टात 'आम्ही गोरे आहोत' असं सांगितलं होतं, हे खरं का?

खरं आहे, आणि अवघडही. १९१० मध्ये मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना अपील कोर्टाने गोरे मानलं. मग इतरांनीही वाट धरली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात असलेले भगतसिंग थिंद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तीन महिने आधी त्याच न्यायालयाने जपानी ताकाओ ओझावा यांना सांगितलं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन. थिंद म्हणाले, मानववंशशास्त्राच्या मते मी कॉकेशियनच. त्यांच्या युक्तिवादात उच्च जातीचा हिंदू शुद्ध आर्य असतो हे होतंच. वर असंही होतं की लग्नसंबंधांच्या बाबतीत उच्चवर्णीय हिंदू भारतातल्या आदिवासींकडे तसंच पाहतो जसं अमेरिकी माणूस निग्रोकडे. म्हणजे गोऱ्यांच्या पंगतीत बसायला आपलीच जातीची उतरंड पुरावा म्हणून पुढे केली. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त खटकतं ते हे पान.

ते चाललंही नाही. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी लिहिलं की शास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो गोरा. सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले. यानंतर पन्नासाहून अधिक भारतीयांचं मिळालेलं नागरिकत्व काढून घेण्यात आलं. पेशावरहून आलेले वैष्णोदास बगाई यांचं सॅन फ्रान्सिस्कोत दुकान होतं. नागरिकत्व गेल्यावर भारतात जायला त्यांना अमेरिकेचा पासपोर्ट मिळेना, ब्रिटिशांचा घ्या म्हणाले. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. वृत्तपत्रासाठी पत्र लिहून ठेवलं होतं, त्यात या अपमानाचा हिशोब आहे.

ही मोहीम थांबवली ती थिंद यांच्या वकिलांपैकी एक, सखाराम गणेश पंडित यांनी. त्यांचं स्वतःचं नागरिकत्व काढायला सरकार आलं, तेव्हा ते वंशाच्या वादात शिरलेच नाहीत. एकदा निकाल लागलेला दावा सरकारला पुन्हा उकरता येणार नाही, एवढंच ते म्हणाले. १९२६ मध्ये अपील कोर्टात जिंकले, १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं ऐकायला नकार दिला.

यात मराठी माणसं कुठे होती?

गदर पक्षात. १९१३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या या पक्षाला तिथल्या अपमानाने खतपाणी घातलं; मारहाण झाली तरी ब्रिटिश वकिलात आपल्यासाठी बोट उचलत नाही हे मजुरांनी पाहिलं होतं. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे शिकायला गेले, गदरमध्ये सामील होऊन परतले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांबरोबर फाशी गेले. वर्ध्याकडचे पांडुरंग खानखोजे हे दुसरे. ते पुढे मेक्सिकोत शेतीतज्ज्ञ म्हणून नावाजले.

फक्त अमेरिकाच अशी होती का?

नाही, उलट सगळे एकमेकांची वही पाहून लिहीत होते. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ या ब्रिटिश वसाहतीने १८९७ मध्ये युरोपीय भाषेच्या परीक्षेची युक्ती काढली, ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये ती उचलली: अधिकारी कुठल्याही युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचा उतारा सांगणार, लिहिता आला नाही तर परत जा. अल्फ्रेड डीकिन तिथल्या संसदेत मोकळेपणाने बोलले की या लोकांचे दुर्गुण नाही, सद्गुणच आपल्याला धोकादायक आहेत: चिकाटी, कष्ट, काटकसर. दोन वर्षांनी ते पंतप्रधान झाले. कॅनडाने १९०८ मध्ये नियम केला की मायदेशातून न थांबता थेट आलं पाहिजे, आणि भारतातून थेट बोटच नव्हती. १९१४ मध्ये गुरदित्तसिंग यांची कोमागाटा मारू ३७६ प्रवासी घेऊन व्हँकूव्हरला गेली. दोन महिने बंदरात उभी ठेवून ती परत पाठवली. कलकत्त्याजवळ बजबज इथे पोलिसांच्या गोळीबारात वीसएक माणसं मेली.

बंदी उठली ती लोकांचं मन बदललं म्हणून का?

मुख्यतः दुसऱ्या महायुद्धामुळे. चीन दोस्तराष्ट्र झाला आणि जपानी प्रचारयंत्रणा रोज सांगू लागली की बघा, अमेरिका तुम्हाला घरात घेत नाही. १९४३ मध्ये कायदा रद्द झाला. चिन्यांना वर्षाला जागा मिळाल्या १०५. लाखांत नाही, हजारांत नाही, एकशे पाच! १९४६ मध्ये भारताला शंभर. त्याच युद्धात अमेरिकेने सव्वा लाखाच्या आसपास जपानी वंशाचे लोक छावण्यांत डांबले होते आणि त्यांतले बहुसंख्य जन्माने अमेरिकी नागरिक होते, हेही विसरू नये. १९६५ च्या कायद्याने वंशावर आधारलेला कोटा काढला. त्याच्या दोन जनकांपैकी एक इमॅन्युएल सेलर. १९२४ च्या कायद्याला नवखे प्रतिनिधी म्हणून विरोध करणारे तेच.

त्या काळातलं आज काय उरलंय?

सिनेटने २०११ मध्ये आणि प्रतिनिधिगृहाने २०१२ मध्ये चिनी बंदीबद्दल खेद व्यक्त केला. पण चाय चान पिंग खटल्याचा निकाल कुणी रद्द केलेला नाही. सरकारला परक्यांना अडवण्याचे विशेष अधिकार आहेत, या तत्त्वाचा उगम आजही तिथेच दाखवला जातो. दुसऱ्या बाजूला वोंग किम आर्क आहे. २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी जन्मसिद्ध नागरिकत्वाला मर्यादा घालणारा आदेश काढला, तेव्हा त्याविरुद्ध न्यायालयांत गेलेल्यांनी पहिला हवाला दिला तो त्या स्वयंपाक्याच्या खटल्याचा. एच-वन-बी व्हिसावर असताना तिथे मूल झालेल्या मराठी आईबापांचाही त्या वादाशी थेट संबंध होता, कारण आईबाप तात्पुरत्या व्हिसावर असतील तर मुलाला नागरिकत्व नाही, असं त्या आदेशात म्हटलं होतं.